सात-पस्तीसचे गृहस्थ

पुणे शहरात बस वेळेवर येणार, असं मनापासून मानणारा माणूस आजवर एकच झाला, आणि तो माझ्या ओळखीचा होता. बाकीचे आपण सगळे बसची वाट बघतो. हे गृहस्थ वाट बघत नसत, ते बसची अपेक्षा करीत. वाट बघणारा माणूस रिक्षा दिसली की हात करतो, ओळखीची स्कूटर दिसली की लाचारासारखा हसतो आणि शेवटी चालू लागतो. अपेक्षा करणारा जागचा हलत नाही. कर्वेनगरच्या आमच्या स्टॉपवर ते रोज सकाळी सात पंचवीसला येत आणि खांबापासून मोजून चार पावलं मागे उभे राहत. कारण बस जिथे थांबायला हवी तिथे थांबली, तर तिचं चढायचं मागचं दार बरोबर तिथे येणार. बस कधी तीस हात पुढे थांबे, कधी अलीकडे पिठाच्या गिरणीशी, कधी नुसतीच मंद होऊन आशा दाखवून निघून जाई. आम्ही बायका पदर खोचून, डबे छातीशी धरून तिच्यामागे पळायचो. ते पळत नसत. "बसनं स्टॉपवर यायचं असतं, बाई," ते मला म्हणत, "माणसानं बसवर नाही." त्यांच्या शेजारी त्यांच्या मिसेस उभ्या असत, सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका, पांढरी साडी, खांद्याला कापडी पिशवी. त्याही पळत नसत. मला त्यांची फार कीव येई. नवऱ्याच्या हट्टापायी बिचारीला उन्हात तिष्ठावं लागतं, असं मी अर्ध्या स्टॉपला सांगून ठेवलं होतं. शेवटी त्या बसचे ड्रायव्हर-कंडक्टरच शरमले आणि पुढे गेलेली बस मागे घेऊ लागले. पुण्यात बस मागे आलेली मी तेवढीच पाहिली.

त्यांची-माझी ओळख ज्या दिवशी झाली त्या दिवसाची मला अजून लाज वाटते, म्हणूनच तो मी सगळ्यांना सांगत असते. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांतून आम्ही कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये नुकतेच आलो होतो. मी पंचेचाळिशीची, नारायण पेठेतल्या मुलींच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवणारी. काखेत पर्स, हातात डबा, आणि चेहरा असा की जणू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायला निघाले आहे. माणूस भेटला की पहिल्या वाक्यात आडनाव आणि दुसऱ्या वाक्यात मूळ गाव काढून घ्यायचं, ही आमच्या पेठेतली साधी रीत. आडनाव कळलं की माणूस कुठल्या फडताळात ठेवायचा ते कळतं, मग त्याच्याशी बोलायचे कष्ट वाचतात. तेव्हा मी अगदी सहज विचारलं, "आपलं आडनाव?"

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "सात-पस्तीस."

मला वाटलं, गृहस्थांना ऐकू कमी येतं. मी आवाज चढवून पुन्हा विचारलं. "ऐकलं मी, बाई," ते शांतपणे म्हणाले. "या स्टॉपवर तेवढंच लागतं." घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, कर्वेनगरात माणसं फार तुसडी आहेत हो. "आडनाव विचारलंस ना?" हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले. तेव्हापासून साऱ्या स्टॉपवर त्यांचं नाव सात-पस्तीस असंच पडलं. ते मी पाडलं, असं मी मिरवीत असे. खरं म्हणजे ते त्यांनीच मला दिलं होतं.

ते मूळचे पार नागपूरकडचे, स्टेशनजवळच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. बोलणं पुणेरी पुस्तकासारखं स्वच्छ; फक्त राग आला की "काहून?" असा तिकडचा शब्द बाहेर पडे. बूट असे चमकत की त्यात बसचा नंबर वाचता यावा, आणि लिहिलेल्या शब्दावर त्यांची श्रद्धा विलक्षण. छापलेल्या वेळापत्रकात सात-पस्तीस असेल तर सात-पस्तीस हेच खरं, आणि सात पन्नासला येणारी बस म्हणजे सात-पस्तीसचीच बस, फक्त तिच्यावर काहीतरी अन्याय झालेला. तो अन्याय कोणता, हे शोधायला त्यांनी स्वतःच्या पैशानं टाइप करून एक छोटा कागद काढला होता. 'विलंबाचे कारण' असं वर लिहिलेलं, खाली ठरलेली वेळ, आलेली वेळ आणि कंडक्टरची सही. कंडक्टर मुळशीकडचा, मिश्कील माणूस. तो पेन कानामागून काढी आणि विचारी, "सायेब, टायरचं लिहू का ट्रॅफिकचं? दोन्ही चालत्यात."

"जे खरं असेल ते लिहा."

"खरं म्हणजे डेपोतल्या निम्म्या गाड्या आज सभेला गेल्यात. तिथं भाडं रोख मिळतंय. ऱ्हायलेल्या निम्म्यांतनं तुमची काढली."

"मग तसं लिहा."

"तसं लिवलं तर उद्यापास्नं मी बी सभेलाच बसंन, सायेब. टायर लिवतो." आणि हे गृहस्थ तो टायरचा कागद घडी करून खिशात ठेवीत, आणि महिनाअखेरीस सगळे टायर एका पाकिटात घालून बसच्या मुख्य कार्यालयाला पाठवीत. उत्तर कधी आलं नाही. आमचे हे म्हणायचे, "तुमची ती बस म्हणजे लग्नाचा मुहूर्त आहे. पत्रिकेत छापायचा एक, अक्षता पडायच्या दुसऱ्याच." मी हे त्यांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. "लग्न लागतं तरी ना, बाई?" एवढंच म्हणाले.

दिवसही मोठे विचित्र आले होते. स्टॉपवरचा वेळापत्रकाचा पत्रा गंजून पडला, तो परत लागला नाही. तेव्हा या गृहस्थांनी पेंटर आणून स्वतःच्या खर्चानं खांबाशेजारच्या भिंतीवर वेळा रंगवून घेतल्या, पिवळ्यावर काळ्या. महिन्याभरात त्यावर तीन महिन्यांत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या क्लासचं पोस्टर चिकटलं. मग गावात जाहिरातींचा पैसा आला आणि आमच्या खांबाच्या जागी स्टीलचा चकचकीत निवारा उभा राहिला. त्यावर परदेशी गाड्यांची चित्रं, क्रेडिट कार्डांची चित्रं, शीतपेय पिणाऱ्या एका बाईचं चित्र. बस कुठली येते ते मात्र लिहिलेलं नाही. बसायला दिलेली दांडी अशी तिरकी की तीवर टेकलेला माणूस घसरून पुन्हा उभाच. "कुणी बसू नये म्हणून केलंय," मी म्हणाले. "नाही," ते म्हणाले, "ज्यानं हे केलं तो कधी बसची वाट बघत उभा राहिलेला नाही, एवढंच." आणि पुढच्या रविवारी त्यांनी पोस्टर ओलं करून, नखानं खरवडून आपलं वेळापत्रक पुन्हा मोकळं केलं. त्याच सुमारास बससेवा तोट्यात आहे हो, असं ज्याच्या-त्याच्या तोंडी झालं होतं. ज्यांनी दहा वर्षांत बसची पायरी पाहिली नाही त्यांना त्या तोट्याचं दुःख जास्त. हा विषय निघाला की गृहस्थांचं "काहून" बाहेर पडे. "काहून फक्त बसच तोट्यात? तुमच्या शाळेनं यंदा किती कमावलं, बाई? माझ्या मिसेसच्या दवाखान्यानं? आणि हा समोरचा रस्ता, एवढा रुंद केला, उड्डाणपूल बांधतायत, त्यानं एक रुपया कमावला का कधी? त्याला कुणी तोट्यात म्हणत नाही." मी नागरिकशास्त्राची शिक्षिका. मी पर्समध्ये पास शोधू लागले.

बसवर एवढं प्रेम का, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. नळ स्टॉपला बस अडकून पडली होती, माझा लेटमार्क नक्की झाला होता, आणि मी बससेवेच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. ते पुढच्या सीटवरून वळून म्हणाले, "बाई, आमच्या गावातून तालुक्याला जायला एकच साधन होतं, गावच्या जमिनीचे मालक मालगुजार, त्यांची बैलांची रेंगी. आमच्या वस्तीतल्या माणसानं त्या गाडीत बसायचं नाही. मागून चालायचं, आणि धूळ उडाली तर खोकायचंही नाही. मी दहा वर्षांचा असताना गावात पहिली लाल गाडी आली. कंडक्टरनं माझ्या बापाकडून पैसे घेतले, दोन तिकिटं दिली आणि म्हणाला, बसा तिथं. शेजारी कोण होतं माहिताय? मालगुजार. ते सरकले, बाई. सरकावंच लागलं. माझ्याकडे तिकीट होतं ना, आणि तिकिटावर आडनाव नसतं." एवढं सांगून ते पुन्हा समोर बघू लागले. मला माझा पहिला प्रश्न आठवला आणि कानांच्या पाळ्या तापल्या. तरी माझं डोकं पाहा, मी मनात म्हणत होते, 'अस्सं, म्हणजे हे *त्यांच्यातले*.' फडताळ सापडलं होतं. ते बंद करायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

तर अशी ती सात-पस्तीस. कर्वेनगरहून थेट स्टेशन, मध्ये बदलायची नाही. आणि एका सकाळी कंडक्टर हळूच म्हणाला, "सायेब, ही फेरी बंद व्हायच्या यादीत हाय. उत्पन्न नाही."

"उत्पन्न नाही?" मी ओरडले. "अहो, पाय ठेवायला जागा नसते!"

"पाय पासवाल्यांचं, बाई. तुम्ही समदी पासवाली. पासाचं पैसं वर हापिसात जात्यात. फेरीचं उत्पन्न माझ्या बॅगेतनं मोजत्यात, आन् बॅगेत काय? दोन आज्या आन् चुकून चढलेला पाहुणा."

हे ऐकून गृहस्थांच्या मिसेसनी त्यांच्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी गृहस्थ स्टॉपवर योजना घेऊनच आले. पहिल्या तारखेपासून कुणीही पास काढायचा नाही, रोज दोन्ही वेळा रोख तिकीट. पास स्वस्त पडतो, तिकीट महाग. म्हणजे पुण्यातल्या माणसाला, ज्याला स्वस्तातलं मिळतंय, त्याला आपण होऊन जास्त पैसे द्यायला सांगायचं होतं! हे काम वक्त्याचं होतं, म्हणून मी पुढे झाले. मी स्टीलच्या तिरक्या दांडीला टेकून, घसरत घसरत, नागरिकांची कर्तव्ये यावर असं भाषण केलं की एका कॉलेजच्या पोरीनं विचारलं, "काकू, तुम्ही इलेक्शनला उभ्या राहताय का?" पण पटलं सगळ्यांना. माझ्या भाषणामुळे नव्हे. त्या गृहस्थांच्या बुटांमुळे. ज्या माणसानं सहा वर्षांत एकदाही रांग मोडली नाही, त्याला नाही म्हणणं अवघड जातं.

तीन महिने आम्ही तिकिटं काढली. कंडक्टरच्या पंचाची टकटक थांबेना. रोज लकडी पूल येईपर्यंत त्याचा हात दुखून येई आणि तो आनंदानं कुरकुरे. तिसऱ्या महिन्यात त्यानं सांगितलं की आमची फेरी डेपोत पहिल्या पाचांत आली. गृहस्थांनी त्या दिवशी पेढे आणले आणि रांगेतल्या क्रमानं वाटले. चौथ्या महिन्यात स्टॉपवर नोटीस लागली, शीतपेयवाल्या बाईच्या गुडघ्यावर. पंधरा दिवसांनी फेरी बंद.

ते आणि मी रजा टाकून मुख्य कार्यालयात गेलो. साहेब तरुण होते, सभ्य होते, टेबलावर नवा कॉम्प्युटर आणि त्यावर प्लॅस्टिकचं टोपडं. त्यांनी टोपडं न काढताच सांगितलं, "कॉम्प्युटर दाखवतोय की तुमच्या भागातले पास जवळजवळ बंद झालेत. म्हणजे रोजचे प्रवासी तिथे उरलेले नाहीत."

"उरलेत की!" मी म्हणाले. "ते तिकीट काढतायत."

"पास स्वस्त असताना? पुण्यात?" साहेब पहिल्यांदा हसले. "अहो बाई, तिकीट काढणारा म्हणजे फुटकळ प्रवासी. तो कुठल्याही बसनं जातो, बदलून जातो. त्याच्यासाठी थेट फेरी कशाला? तिकडे हिंजवडीकडे कंपन्या येतायत, तिथे गाडी लागणार."

"ही तीच माणसं आहेत," गृहस्थ म्हणाले.

"असतील. पण दाखवणार कसं? पासावर फोटो असतो, नाव असतं. तिकिटावर काय असतं?"

मी गृहस्थांकडे बघितलं आणि लगेच नजर खिडकीकडे वळवली. ते स्वतःच्या बुटांकडे बघत होते. "तिकिटावर नाव नसतं," ते म्हणाले. "खरं आहे."

साहेब वाईट नव्हते. त्यांनाही काहीतरी झालं असावं. ते म्हणाले, येत्या सोमवारी सकाळी निरीक्षक पाठवतो. स्टॉपवर जे रोजचे प्रवासी असतील त्यांची नावं लिहून घेईल. पंचवीस नावं झाली तरी फेरी ठेवतो. पंचवीस! आम्ही चाळीस होतो. परतताना मी हवेत होते. गृहस्थ रविवारी दारोदार फिरले. "उद्या सात पंचवीसला. सात पंचवीस." सगळे म्हणाले, "हो हो, येतो ना."

आता माझी कामगिरी. त्याच शनिवारी माझी मोपेड आली होती. त्या दिवसांत कर्ज देणारी माणसं स्वतःच दार वाजवून बिस्किटांसारखं कर्ज विकायला लागली होती, आणि मी, तीन महिने नागरिकांची कर्तव्ये सांगणारी, गुपचूप हप्ते ठरवून बसले होते. लेटमार्कांना कंटाळले होते हे खरं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं म्हणजे मला ते गॉगल लावून, चेहऱ्याला ओढणी गुंडाळून जाणाऱ्या बायकांसारखं दिसायचं होतं. आणि मनात कसलीही विसंगती वाटत नव्हती. बस असायलाच हवी, आणि ती भरलेली हवी. पण दुसऱ्यांनी भरलेली. म्हणजे रस्ता मला मोकळा. सोमवारी मी मोपेडवरून स्टॉपवर गेले, नाव द्यायला. निवाऱ्याला टेकून ती झोकात उभी केली, गॉगल कपाळावर चढवला आणि निरीक्षकाला म्हणाले, "लिहा. पहिलं नाव माझं."

निरीक्षकानं मोपेडकडे बघितलं. मग गृहस्थांना विचारलं, "ह्या बाई रोज बसनं येतात?"

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी एक लहानसं 'हो' म्हणायचं होतं. पुण्यात काय, कुठेही कुणीही म्हणालं असतं. "शुक्रवारपर्यंत येत होत्या," ते म्हणाले.

निरीक्षकानं माझं नाव लिहिलं नाही. त्याच्या कागदावर दोनच नावं होती, ते आणि त्यांच्या मिसेस. बाकी स्टॉप रिकामा. सात-तीस झाले, सात-तेहतीस झाले, आणि गल्लीच्या तोंडाशी बस वळली. निरीक्षक येणार हे डेपोत कळलं होतं. माझ्या माहितीत पहिल्यांदाच सात-पस्तीसची बस सात-पस्तीसला आली, रेघेत आली, आणि तिचं मागचं दार बरोबर त्यांच्या चमकत्या बुटांसमोर येऊन थांबलं.

इतर सगळे कुठे होते? घरी. चहा घेत होते, डबे भरत होते. सहा वर्षांत ती बस पावणेआठच्या आत आलेली कुणी पाहिली नव्हती. सात पंचवीस म्हणजे सात-चाळीस, हे साऱ्या कर्वेनगरानं आपापलं समजून घेतलं होतं. बसच्या उशिराशी आम्ही इतकं जुळवून घेतलं होतं, की ती वेळेवर आल्यावर तिला घ्यायला कुणी नव्हतं.

कंडक्टर दारात ओणवा झाला. "सायेब, थांबतो धा मिण्टं. येत्यालच समदी." निरीक्षक समोरच्या झाडाकडे बघू लागला, तोही माणूस होता. मिसेस त्यांच्याकडे बघत होत्या. मी डोळ्यांवर परत ओढलेल्या गॉगलखाली 'थांबवा, थांबवा' म्हणत होते, मोठ्यानं म्हणायला तोंड नव्हतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. असा चेहरा मी लग्नघरातसुद्धा पाहिलेला नाही. इतकं समाधान, आणि त्याच्या मागे उभं असलेलं दुसरं काहीतरी. त्यांनी मिसेसचं कोपर धरलं, त्यांना सावकाश वर चढवलं, स्वतः चढले आणि म्हणाले, "वेळ झाली. सोडा गाडी."

सात-एक्केचाळीसपासून माणसं येऊ लागली. "गेली? कशी गेली? सात-पस्तीसची ना?" "सात-पस्तीसलाच गेली," मी म्हणाले. "असं कसं करतात हे लोक!" एक काका संतापून म्हणाले. "तक्रार केली पाहिजे!" निरीक्षकानं तोवर कागद मिटून पिशवीत घातला होता. उशिरा आलेल्यांची नावं लिहायची सूचना नाही, तो म्हणाला.

फेरी बंद झाली. मी मोपेडवर शाळेत जाऊ लागले आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं. दहा मिनिटं थांबले असते तर? एक 'हो' म्हणाले असते तर? तत्त्वाचा ताठा, दुसरं काय, असं मी ह्यांना रोज सांगे, आणि हे पेपरातून मान वर न काढता विचारीत, "मोपेड कशी चालते?"

वर्षभरानं त्यांच्या मिसेस मला मंडईत भेटल्या. सकाळी दहाला, पांढऱ्या साडीत नाही. नोकरी सोडली, म्हणाल्या. पेन्शनला तीन वर्षं उरली होती, पण दोन बसगाड्या बदलून जमेना. "गुडघा आहे ना, बाई. उतरायचं, चढायचं ठीक. पण धावायचं कसं?"

मी कोथिंबिरीची जुडी हातात धरून तशीच उभी राहिले. "म्हणजे... तुम्ही पूर्वीही..."

"सुरुवातीपासूनच. म्हणून तर त्यांनी तो नियम काढला, बसनं स्टॉपवर यायचं, माणसानं बसवर नाही. बायकोला धावता येत नाही म्हणून उभे आहेत असं लोकांनी म्हणण्यापेक्षा नवरा वेडा आहे म्हणून उभे आहेत, हे बरं, असं म्हणायचे." त्या हसल्या.

"आणि त्या सोमवारी? तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना जी! दोन दिवस बोलली नाही मी त्यांच्याशी. मग म्हटलं, ह्या माणसानं त्या दिवशी 'थांबवा' म्हटलं असतं, तर मला घरात दुसराच कुणी आल्यासारखं वाटलं असतं." त्यांनी भाजी पिशवीत भरली. "पण पाय दुखतो हो, बाई. ते काही तत्त्वानं थांबत नाही."

त्यांच्या घरी जाऊन माफी मागायचं मी त्या दिवशी ठरवलं. ठरवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. गेले मात्र नाही. मग माझा मुलगाही तिकडे हिंजवडीच्या कंपनीत लागला आणि पांढरीशुभ्र, काचा बंद केलेली, थंडगार बस त्याला न्यायला आमच्याच स्टॉपवर येऊ लागली, अगदी मिनिटाला. तिच्यात चढायला मात्र गळ्यात नाव आणि फोटो लागे.

आता मोपेड नाही, हे नाहीत, आणि गुडघे दोन्ही गेलेत. नात म्हणते, "आज्जी, कॅब बुक करते, रिलॅक्स." कॅब येते आणि आम्ही दोघी कर्वे रोडवर तासभर रिलॅक्स करतो, आजूबाजूला सगळ्या माझ्यासारख्या शहाण्यांच्या गाड्या. डॉक्टरांनी मला सकाळी थोडं चालायला सांगितलं, तेव्हा काठी घेऊन मी सहज जुन्या स्टॉपकडे गेले. निवारा गंजला होता, शीतपेयाची बाई केव्हाच गेली होती. भिंतीवर पिवळ्यावर काळ्या वेळा होत्या. रंग ताजा होता.

आणि पूर्वी खांब होता तिथून चार पावलं मागे ते दोघं उभे होते. ते पार वाकलेले, बूट तसेच. मिसेसच्या हातात काठी. मला बघून त्या म्हणाल्या, "त्यांनाही चालायला सांगितलंय. कुठे तरी जायचं, तर इथे येतो." कानांत वायर घातलेली एक पोरगी फोनमध्ये बघत म्हणाली, "आजोबा, इथून स्टेशनला डायरेक्ट बसच नाहीये. ॲपवर दाखवत नाही."

"आहे," ते म्हणाले. "सात-पस्तीस."

"येते?"

"ते मी म्हणालो नाही."

पोरगी हसली आणि रिक्षाला हात करत पुढे गेली. मी त्यांच्या मागे रांगेत उभी राहिले. माफीचं वाक्य इतकी वर्षं पाठ होतं, ते नेमकं तेव्हा आठवेना. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग मागे वळून माझ्याकडे, माझ्या काठीकडे पाहिलं.

"बाई, थोडं इकडे," ते म्हणाले. "दार इथे येतं. पळावं लागणार नाही."

मी दोन पावलं सरकले.